थांबू का, असं विचारलंत म्हणून

"टकलावर नवीन औषध येतंय म्हणे. मग तोवर थांबू का?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा बसून नीट उत्तर द्यावं असं वाटलं. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले. उशीवरचे केस मोजून झालेले असतात, आरशासमोर केस मागे ओढून कपाळ पाहून झालेलं असतं, आणि एखादी ताजी बातमी हाताशी असते. मलाच विचारतात, कारण मी थांबलो होतो. आठ वर्षं.

२००७ साली मी एकोणतीस वर्षांचा होतो. कानशिलांवरचे केस मागे सरकले होते, उजेडात टाळूची कातडी दिसू लागली होती. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉर्ज कॉट्सारेलिस यांच्या गटाने दाखवून दिलं, की उंदराच्या कातडीला मोठी जखम केली तर ती भरून येताना तिथे केसांची नवी मुळं तयार होतात. जन्मताना असतात तेवढीच मुळं, पुढे नवीन होत नाहीत, अशी तोवरची समजूत होती. मी ती बातमी जपून ठेवली. पाच वर्षांत औषध येईलच, मग आता गोळ्या कशाला सुरू करायच्या, असा हिशेब केला. २०१३ साली कोलंबिया आणि डरहॅम विद्यापीठांतल्या संशोधकांनी माणसाच्या केसमुळातल्या पेशी थेंबांत टांगून वाढवल्या आणि त्यांच्यापासून नवे केस धरवून दाखवले. पुन्हा तोच हिशेब. २०१५ मध्ये टाळूवर तळहाताएवढी जागा गुळगुळीत झाली, तेव्हा कुठे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पुढचे वाचवू. टाळूचं मात्र आता सांगवत नाही."

ते असं का म्हणाले, ते समजावून घ्या. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, दोन-तीन महिने विसावतो, गळतो आणि त्याच मुळातून पुन्हा उगवतो. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांची मुळं त्याला हळवी असतात, त्यांच्यात दर फेरीला वाढीचा काळ आखडतो आणि मूळ लहान होत जातं. जाड केसाचा बारीक केस होतो, बारीक केसाची लव होते. लव आहे तोवर मूळ पुन्हा सुधारण्याची आशा असते. फार वर्षं गेली की तीही उरत नाही. मी बातम्या वाचत बसलो होतो आणि माझी मुळं त्या आठ वर्षांत आक्रसत चालली होती.

हे कोडं उलगडलं त्याची हकिगत मला फार मोलाची वाटते. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली नोंदवलं, की वयात येण्याआधी अंडकोष काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पण ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की केस जाऊ लागतात. मग १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही मुलांच्या शरीरात डीएचटी तयार करणारं विकरच (एन्झाइम) जन्मतः कमी होतं. जन्मताना ती मुली वाटत आणि वयात येताना पुरुष होत. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि कपाळावरची केसांची रेघ मागे सरकत नसे. तेच विकर अडवणारं औषध म्हणजे फिनास्टेराइड. १९९२ साली ते वाढलेल्या प्रोस्टेटसाठी अमेरिकेत मंजूर झालं आणि १९९७ साली १ मिलिग्रॅमच्या गोळीत पुरुषांच्या टकलासाठी.

मी तीच गोळी घेतो. ती सगळ्यांना मानवतेच असं नाही, आणि हे मी कुणापासून लपवत नाही. काहींची कामेच्छा कमी होते, काहींना उदास वाटतं. आत्महत्येचे विचार हाही तिचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये मान्य केलं. मनाला पूर्वी नैराश्याने गाठलेलं असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. गोळी सुरू झाल्यावर घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण स्वभावातला बदल आपल्या आधी त्यांना दिसतो. गर्भवती स्त्रीने तर फुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही. पोटातल्या मुलग्याच्या अवयवांच्या वाढीला धोका असतो.

दुसरं औषध मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, त्यावरून डोक्याला लावायचं द्रव औषध तयार झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते स्त्रियांनाही चालतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. विसावलेले केस नव्यांसाठी जागा करत असतात. याच टप्प्यावर घाबरून औषध सोडणारे मी कितीतरी पाहिले, आणि दर वेळी हळहळलो. परिणाम कळायला सहा महिने तरी द्यावे लागतात. सोडलं की काही महिन्यांत मिळवलेलं सगळं जातं. हे दोन्ही औषधांना लागू आहे.

केसरोपणाबद्दल थोडक्यात. डोक्याच्या मागच्या बाजूची मुळं डीएचटीला दाद देत नाहीत आणि पुढे लावली तरी आपला गुण सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेन्ट्राइच यांनी १९५९ मध्ये मांडलं. सगळं रोपण त्यावर उभं आहे. पण यात नवा केस तयार होत नाही, आहे तो हलवला जातो, आणि मागचा साठा मर्यादित असतो. बाविसाव्या वर्षी पुढची रेघ भरून घेतली आणि औषध घेतलं नाही, तर त्या रेघेमागचे मूळचे केस जात राहतात आणि लावलेले तेवढे पुढे एकटे उरतात.

आता ज्यांनी खरंच थांबायचं, त्यांच्याविषयी. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने जातात. मुळं शाबूत असतात. कारण दूर झालं की बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आसपास गळती आपोआप थांबते. माझ्या बहिणीला बाळंतपणानंतर असंच झालं होतं. तिने त्या काळात लावलेल्या तेलाला आजही श्रेय मिळतं, पण ते तिच्या शरीराचं आहे. मात्र गळती थांबतच नसेल तर थायरॉइड आणि लोह तपासून घ्या. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी ते सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

चाई पडते तो आजार पुन्हा वेगळा. तिथे शरीराची संरक्षण यंत्रणाच मुळांवर उठते. तो बळावला असेल तर २०२२ पासून बॅरिसिटिनिब आणि २०२३ पासून रिटलेसिटिनिब या गोळ्या अमेरिकेत मंजूर आहेत. संसर्गापासून रक्ताच्या गुठळ्यांपर्यंत धोके आहेत, म्हणून देखरेखीखालीच घ्यायच्या. पण ज्यांच्या भुवया, पापण्यासुद्धा गेल्या होत्या अशा काहींना त्या परत मिळाल्या. उद्याचं औषध आज आलं असं म्हणायचं तर मी याकडे बोट दाखवीन.

आणि तुमची ती बातमी? क्लॅस्कोटेरोन हे औषध टाळूवरच डीएचटीची वाट अडवतं. त्याचं मलम मुरुमांसाठी २०२० मध्येच अमेरिकेत मंजूर झालं आणि टकलासाठी जास्त तीव्रतेचं द्रव मोठ्या चाचण्यांत उतरलं. पीपी४०५ नावाचं औषध झोपलेल्या मुळांतल्या मूलपेशींना जागं करू पाहतं. मला दोन्हींकडून आशा आहे, अगदी मनापासून. पण ज्याला वाचवायचं किंवा जागं करायचं, ते मूळ जिवंत हवं. मूळच नसलेल्या जागी नवीन घडवायचं काम पेशी वाढवणाऱ्यांचं, आणि २०१३ च्या बातमीतलं तंत्र अजून दवाखान्यात मिळत नाही.

म्हणून या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या, गळती कुठली ते आधी ठरवून घ्या. जाण्याआधी टाळूचा एक फोटो काढा, केस कोरडे असताना, दिव्याखाली. तीन महिन्यांनी त्याच दिव्याखाली दुसरा. माझ्याकडे २०१५ पासूनचे आहेत. टाळू तशीच आहे, पण कपाळावरची रेघ तेव्हा होती तिथेच आहे.