सर्वपित्रीनंतरची पहाट

घटस्थापना, सकाळ

घट बसला, पहिली माळ चढली, तरी मन अजून मुंबईतल्या बाणगंगा कुंडाच्या पायरीवरच आहे. पहाटे खाली उतरले तेव्हा पाणी निवांत होतं आणि त्यावर जिकडे बघावं तिकडे तोंडंच तोंडं. मासे वर येऊन वाटोळी तोंडं उघडत होते, मिटत होते. दोन मोठे आडवे तरंगत होते. पाण्याला टेकलेल्या पायरीवर कुणाचा तरी पिंड अर्धा विरघळलेला, त्यातले काळे तीळ ओल्या दगडाला चिकटून बसलेले. काल आमचा ज्या कोपऱ्यात सोडला, तिकडे मी बघितलंच नाही.

असं झालं की कुणीतरी म्हणतंच, पाण्यात काहीतरी विषारी टाकलं असणार. विष कशाला हवं? भात, कणीक, तूप, दूध, फुलं पुरतात. एकाचं मूठभरच, पण पंधरवडाभर माणसांची रीघ असते. हे कुजू लागलं की त्यावर वाढणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री उलट घेतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. वर तुपाचा तवंग आला की बाहेरची हवाही पाण्यात नीट मिसळत नाही. वाहत्या नदीत हे सगळं पुढे तरी जातं. इथे चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, आणि झरा येतो तो आपल्या गतीनेच.

समुद्र इतका जवळ, तरी हे पाणी गोडं. शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी ११२७ मध्ये कुंड बांधलं, १७१५ मध्ये राम कामतींच्या पैशातून ते आणि वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा उभं राहिलं, असं सांगतात. रामाने बाण मारून काढलेली गंगा म्हणून आपण हात जोडतो आणि त्याच हातांनी...

तर्पणाला खरं तर पाणी, काळे तीळ आणि दर्भ एवढंच लागतं. दक्षिणेला तोंड, जानवं उजव्या खांद्यावर, अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडायचं. वडिलांना तीन अंजली, आजोबांना तीन, पणजोबांना तीन. एवढ्या तिळांनी माशांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पिंडांनी. आणि पिंड पाण्यातच सोडले पाहिजेत असंही नाही, शास्त्रात गाईला द्यायचीही मुभा आहे. हे मला काल माहीत होतं. दादा वाकला तेव्हाही माहीत होतं. बोलले नाही. गुरुजी घाईत, मागे माणसं खोळंबलेली, आणि बाबांचं होतं.

बाबा तर साधे कुरमुरेही टाकू द्यायचे नाहीत तिथे.

हजारो हातांतला आपला एक हात, त्याचा एवढा त्रास मलाच का, असं सकाळभर वाटत राहिलं. इतर कुणाला झोप लागली नसेल असं काही दिसलं नाही. पण हजार हात म्हणजे शेवटी एकेक हातच. गेलेले मासे परत येणार नाहीत, हे आता धरूनच चालायचं.

पुढच्या वर्षी गुरुजींशी आधी, घरीच बोलायचं. पायरीवर उभं राहून बोलणं जमत नाही, हे काल कळलं. पिंड केळीच्या पानावर, विधी झाला की पानासकट डब्यात, तिथून थेट गाईपुढे. फुलं आणि पत्रावळी निर्माल्यकलशात. दिवा पाण्यात न सोडता पायरीवरच लावायचा, विझला की वात आणि पणती उचलून आणायची. दूध नाहीच. पाण्यात फक्त तिळाची अंजली.

दादाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, डबा मी आणीन.

संध्याकाळी पुन्हा जाऊन येते. तो कोपरा बघायचा राहिलाय.