तुम्ही विचारलंत म्हणून: घरची भाषा 'मराठी' लिहावी का?

कॅलिफोर्नियात नव्यानं आलेले मराठी आईबाप मुलाचं नाव सरकारी शाळेत घालताना हमखास विचारतात: फॉर्मवर 'मराठी' लिहिलं तर मुलावर 'इंग्लिश लर्नर'चा (म्हणजे इंग्रजी अजून शिकणारं मूल असा) शिक्का बसेल, आणि जादा शिकवणीचे पैसे भरावे लागतील का?

पैसे अजिबात लागत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या 'लाऊ' खटल्यात 1974 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं, की इंग्रजी न येणाऱ्या मुलाच्या हाती इतरांसारखीच पुस्तकं दिली म्हणजे समान शिक्षण झालं असं नाही. शिकवण्याची पद्धत मात्र कोर्टानं ठरवून दिली नाही. त्यामुळे इंग्रजीसाठी मदत मिळणं हा हक्क आहे. घरच्या भाषेतून वर्ग मिळेलच असं नाही.

फॉर्मवर चार प्रश्न असतात. मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोललं, घरी ते जास्त काय बोलतं, तुम्ही त्याच्याशी काय बोलता आणि घरातली मोठी माणसं काय बोलतात. पहिल्या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर मराठी असेल, तर 30 दिवसांत 'एल्पॅक' ही राज्याची इंग्रजीची चाचणी होते: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. शिक्का बसतो तो या चाचणीवरून, फॉर्मवरून नाही. म्हणून खरं तेच लिहा. भीतीपोटी 'इंग्रजी' लिहिलंत, तर गरज असलेल्या मुलाची मदत जाते आणि त्याच्या नावानं येणारा निधीही.

तो निधी वॉशिंग्टनहून येतो, असा बहुतेकांचा समज असतो. 'टायटल थ्री' या इंग्लिश लर्नरसाठीच्या केंद्राच्या निधीतून देशभरातल्या सुमारे 50 लाख मुलांसाठी वर्षाला जेमतेम 89 कोटी डॉलर निघतात, म्हणजे मुलामागे दोनशेसुद्धा नाहीत. शिवाय तो पैसा फक्त पूरक कामाला चालतो. कायद्यानं शाळेला करावंच लागणारं काम त्यातून भागवता येत नाही. खरा भार राज्य उचलतं. राज्याच्या निधीवाटपाच्या 2013 पासूनच्या सूत्रानुसार प्रत्येक इंग्लिश लर्नरमागे डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) दर मुलामागच्या मूळ अनुदानाच्या 20 टक्के जादा मिळतात. गरीब घरातल्या मुलामागेही तेवढेच मिळतात, पण मूल दोन्हींत बसलं तरी ते एकदाच मोजतात. अशा मुलांचं प्रमाण 55 टक्क्यांवर गेलं, की आणखी भर पडते.

घोळ होतो तो खर्चात. हा पैसा डिस्ट्रिक्टच्या हाती जातो, तुमच्या मुलाच्या वर्गात आपोआप पोचत नाही. 21 किंवा जास्त इंग्लिश लर्नर असलेल्या शाळेत पालकांची 'ईलॅक' ही सल्लागार समिती असावीच लागते. तिथे जा आणि नेमकं विचारा: इंग्रजीचा खास तास कधी असतो, शिकवतं कोण, आणि त्या वेळी मुलाचं विज्ञान बुडतं का? विज्ञान बुडत असेल तर गप्प बसू नका.

खास तास नाकारता येतो, पण शिक्का तसाच राहतो आणि दर वसंतातली एल्पॅकही चुकत नाही. त्यापेक्षा शिक्का निघण्याच्या मागे लागा. त्यासाठी एल्पॅकमध्ये एकूण चौथी पातळी, मूलभूत कौशल्यांची चाचणी, शिक्षकांचा अभिप्राय आणि पालकांशी चर्चा, एवढं लागतं. पुढे चार वर्षं शाळेनं लक्ष ठेवायचं असतं. बोलण्यात चटपटीत मुलं बहुधा लेखनात अडकतात, तेव्हा निकालपत्रातला प्रत्येक भाग वेगळा वाचा.

द्विभाषिक वर्गाची मागणीही करता येते. 1998 साली मतदारांनी असे वर्ग जवळपास बंद केले होते, 2016 साली त्यांनीच वाट मोकळी केली. एका शाळेतल्या 30 मुलांच्या किंवा एकाच इयत्तेतल्या 20 मुलांच्या पालकांनी मागणी केली, तर शाळेला विचार करावाच लागतो. मराठीसाठी तेवढ्या पात्र शिक्षकांची वानवा ही मोठी अडचण. तरी मागणी लेखी द्या, मुलाची इयत्ता आणि तारीख घालून.