मेडलच्या काठावरचं नाव: आमची वाटचाल

वडिलांचं फोर्टमध्ये छोटं दुकान होतं. नौदलाचे आणि पोलिसांचे अधिकारी तिथे मेडलं पट्टीवर बसवून घ्यायला, विटलेल्या फिती बदलून घ्यायला यायचे. २६ जानेवारी जवळ आली की दुकानात उभं राहायला जागा नसायची. फितींचे रंग, कुठलं मेडल कुठल्याच्या आधी लावायचं, हे मला शाळेत असतानाच पाठ झालं होतं. पुढे त्या अधिकाऱ्यांची मुलं-नातवंडं डबे, थैल्या घेऊन येऊ लागली. "हे कशाचं आहे, सांगता का?" वडील सांगायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. ते काम वाढत गेलं, तशी मी त्याचीच पेढी केली.

आज आम्ही जुनी लष्करी मेडलं, टोपीचे बिल्ले, बटणं, गणवेश ओळखतो, त्यांचा काळ ठरवतो आणि लेखी अहवाल देतो. विकत घेत नाही, विकतही नाही. किंमत सांगणाऱ्यानेच माल घ्यावा, हे आम्हाला पहिल्यापासून पटलं नाही. त्यामुळे सुरुवातीची वर्षं ओढाताणीची गेली. दुकानाचं भाडं फितींच्या कामातूनच निघायचं. पण लोकांचा विश्वास बसला तो याच एका गोष्टीमुळे.

आमच्याकडे सर्वांत जास्त काय येत असेल, तर पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल. सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कुठल्याही जिल्ह्यातून मुंबईत आलेल्या घरात ते निघतं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा स्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. लोक राजाचा चेहरा बघतात. आम्ही आधी काठ बघतो. भिंगाखाली काठावर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठशांनी उमटवलेली दिसते. मेडलची सगळी ओळख त्या एका ओळीत असते. मग व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजमापाचं साधन, लावायचा. मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर असायला हवा. व्यास कमी भरला, तर मूळ नाव कानशीने घासून दुसरं कोरल्याचा संशय घ्यायचा. हेच मेडल ब्राँझचं असेल, तर ते बहुधा लेबर कोअरमधल्या, म्हणजे सैन्याच्या मजूर पथकातल्या, माणसाचं. त्यांना चांदी दिली नव्हती. म्हणून ब्राँझचं निघालं की घरच्यांना मी मुद्दाम सांगतो, हे हलकं समजू नका.

कराडकडचे एक निवृत्त शिक्षक पणजोबांचं मेडल घेऊन आले होते. घरात एवढंच माहीत होतं, की ते बसऱ्याकडे गेले आणि परतले नाहीत. काठावर ११०वी मराठा लाइट इन्फंट्री निघाली. ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूट या गावाच्या वेढ्यात अडकली होती. २९ एप्रिल १९१६ रोजी कूटच्या फौजेने शरणागती पत्करली आणि पुढे कैदेत असंख्य माणसं मेली. युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत, बसरा स्मारकाच्या नोंदींत आम्हाला ते नाव सापडलं. त्यापुढे पणजोबांच्या वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही होता. गुरुजींनी ती ओळ स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. छापील प्रत देत होतो, ती नंतर घेतली.

पलटणींची नावं काळ ठरवायला फार उपयोगी पडतात. १९०३च्या फेररचनेत मुंबईच्या पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, दहावीची एकशे दहावी झाली. १९२२मध्ये त्यांतल्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली. २६ जानेवारी १९५०ला बिल्ल्यांवरून ब्रिटिश मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणून १९२२ नंतरचं मराठा पलटणीचं नाव आणि एलिझाबेथ राणीचा मुकुट एकाच बिल्ल्यावर दिसला, की तो बनावट. राणी गादीवर आली १९५२ साली. असे बिल्ले बाजारात येतात. घेणाऱ्याला वाईट वाटतं, पण अहवालात आम्ही तसंच लिहितो. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ असतो. रेजिमेंट उभी राहिली १९४१ साली, त्यामुळे तो बिल्ला त्या वर्षाच्या आधीचा असूच शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायला मला फार आवडते. ब्रिटिश सैनिकांना त्या युद्धाचे तारे (ताऱ्याच्या आकाराची मेडलं) आणि बाकीची मेडलं कोरी, म्हणजे नाव न घालता, मिळाली. भारतीय सैनिकांच्या मेडलवर मात्र नाव असतं. घरातला बर्मा स्टार उलटा करून बघा.

कोकणातल्या खलाशांची मेडलं वेगळी. मर्कंटाइल मरीन वॉर मेडलच्या फितीत हिरवा आणि लाल पट्टा असतो, मध्ये पांढरा, जहाजाच्या दिव्यांसारखा. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात मरण पावलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे. शेजारून रोज हजारो माणसं जातात. आमच्याकडे खलाशाचं मेडल आलं, की घरच्यांना तिथे जाऊन यायला सांगतो.

गणवेशांचं काम वाढलंय. जांभळ्या प्रकाशात, म्हणजे यूव्ही टॉर्चखाली, फीत किंवा शिवणीचा दोरा निळसर चमकला, तर तो बहुतेक १९५० नंतरचा. जुन्या दोऱ्यांत तशी चमक नसते. मुंबईची हवा लोकरीला आणि पितळेला बाधते. प्लास्टिकच्या पिशवीत गणवेश ठेवू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा.

आणखी एक. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती परदेशी पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची मेडलं आता त्या वयाची झालीत. बाहेरून ऑनलाइन चढा भाव आला, की हुरळून जाऊ नका. आधी आमच्याशी किंवा पुरातत्त्व खात्याशी बोला.

येताना मेडल चिंच लावून, राखेने किंवा पॉलिशने घासून आणू नका. काळं पडलेलं तसंच आणा. घासलं, की आधी काठावरची अक्षरं जातात. सोबत पेन्शनचा कागद, डिस्चार्ज बुक, जुना फोटो जे असेल ते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असलेलं गावाचं, पलटणीचं नाव लिहून आणा.