आमची वाटचाल : न दाखवलेल्या फायलींची किंमत

आमच्या छोट्या फर्मची सुरुवात वकिलांच्या कार्यालयांतील जुने कागद स्कॅन करून त्यांची अनुक्रमणिका लावून देण्यापासून झाली. करारपत्रे, बिले, चलने, पोचपावत्या अशा गठ्ठ्यांना क्रमांक देणे आणि वकिलांना हवे ते पान लगेच सापडेल अशी मांडणी करणे, एवढेच आमचे काम होते. पुढे व्यापाराचा सारा पत्रव्यवहार ईमेलवर आणि त्यानंतर मोबाइलवरील संदेशांत गेला. गठ्ठे आटत चालले, दावे मात्र होते तेवढेच राहिले. आज आमचे मुख्य काम व्यापारी दाव्यांतील इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज शोधणे, ते जसेच्या तसे जपणे आणि न्यायालयासमोर उघड करण्यायोग्य स्वरूपात वकिलांच्या हाती देणे हे आहे. या प्रवासात एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा दिसली आहे. अशिलाला अडचणीत आणणारा मजकूर असलेल्या ईमेलमुळे जेवढे नुकसान होते, त्याहून कितीतरी अधिक नुकसान तो ईमेल उघड न केल्यामुळे होते.

आमच्या कामाला खरे वळण २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालये अधिनियमामुळे मिळाले. या कायद्याने व्यापारी दाव्यांपुरता दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ११ नव्याने लिहिला. त्यानुसार वादीने आपल्या ताब्यातील आणि नियंत्रणातील, दाव्याशी संबंधित सर्व दस्तऐवजांची यादी व प्रती दाव्यासोबतच द्यायच्या असतात, प्रतिवादीने लेखी कैफियतीसोबत, आणि आपल्याजवळ याखेरीज काही नाही असे शपथेवर सांगायचे असते. आपल्या बाजूचे तेवढे द्यावे आणि गैरसोयीचे मागे ठेवावे, अशी मोकळीक यात नाही. शिवाय हे कर्तव्य दाव्याचा निकाल लागेपर्यंत चालू राहते, त्यामुळे मध्येच एखादी जुनी फाईल सापडली तर तीही उघड करावी लागते.

हे न पाळल्यास काय होते, हा प्रश्न प्रत्येक नवे अशील विचारते, म्हणून त्याचे उत्तर आम्ही पहिल्या भेटीतच सविस्तर देतो. दावा दाखल करताना जो दस्तऐवज जवळ असूनही दिला नाही, त्याचा आधार पुढे न्यायालयाच्या परवानगीशिवाय घेता येत नाही आणि परवानगीसाठी वाजवी कारण दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये यातील भेद स्पष्ट केला. दाव्याच्या वेळी जे जवळ होते, त्याच्या विलंबासाठी वाजवी कारण हवेच, परंतु जे खरोखरच नंतर सापडले, त्याला ती कसोटी तशीच लावता येत नाही. आपलाच उपयोगी ईमेल वेळेवर न शोधल्यामुळे हातचा गेला, असे घडताना आम्ही पाहिले आहे, आणि ते पाहणे फार क्लेशदायक असते. दुसरीकडे, नोटीस देऊनही दस्तऐवज हजर केला नाही आणि त्याचे पुरेसे कारण दिले नाही, तर न्यायालय त्या पक्षाविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढू शकते व खर्चही लादू शकते. हजर करता येण्याजोगा पुरावा जो दडवून ठेवतो, त्याला तो पुरावा प्रतिकूलच असणार, हे अनुमान १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आले आहे. जाणूनबुजून नष्ट केलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख तर फौजदारी गुन्ह्याच्या कक्षेत जातो.

एका पुरवठादाराचे प्रकरण आमच्याकडे बऱ्याच उशिरा आले. वितरकाशी वाद सुरू होऊन नोटिसा गेल्यानंतर त्यांचा विक्री अधिकारी नोकरी सोडून गेला आणि नेहमीच्या पद्धतीप्रमाणे त्याचे ईमेल खाते बंद करण्यात आले. खाते बंद झाल्यावर ठरावीक मुदतीने त्यातील सगळा मजकूर आपोआप पुसला गेला. कोणाचा वाईट हेतू नव्हता, पण थांबवायला सांगणारेही कोणी नव्हते. ईमेलला मात्र दोन टोके असतात. समोरच्या वितरकाकडे तोच पत्रव्यवहार शाबूत होता आणि त्याने तो यादीत लावला. उलटतपासणीत वकिलांनी एकेक तारीख काढून विचारले की हा ईमेल आपल्या कंपनीतून गेला आहे, मग आपल्या शपथेवरच्या यादीत तो का नाही. त्या ईमेलांत माल पोचायला उशीर झाल्याची साधी कबुली होती, जी एरवी सहज समजावून सांगता आली असती. पण यादी अपुरी आहे हे एकदा सिद्ध झाल्यावर साक्षीदाराच्या बाकी सांगण्यावरही संशय आला आणि शेवटी पुरवठादाराला मनाविरुद्ध तडजोड करावी लागली.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेतील क्वालकॉम विरुद्ध ब्रॉडकॉम या पेटंटच्या दाव्यात क्वालकॉमच्या एका शेवटच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीत, आधी न दाखवलेले काही ईमेल असल्याचे उघड झाले. पुढे शोध घेतला तेव्हा अशा न दिलेल्या दस्तऐवजांची संख्या हजारोंच्या घरात निघाली. जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने क्वालकॉमला ८५ लाख डॉलरहून अधिक रक्कम ब्रॉडकॉमला देण्याचा आदेश दिला, आणि ज्या पेटंटांसाठी दावा केला होता, त्यांच्या अंमलबजावणीवरही गदा आली. इंग्लंडमधील अर्ल्स विरुद्ध बार्कलेज या २००९ च्या प्रकरणाचा धडा वेगळा आहे. तिथे बँक दावा जिंकली, तरी इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज उघड करण्यातील हलगर्जीमुळे तिला मिळणाऱ्या दाव्याच्या खर्चात न्यायाधीशांनी मोठी कपात केली. जिंकूनही पदरचे जाऊ शकते, हे आम्ही अशिलांना आवर्जून सांगतो. हेतू आणि निष्काळजीपणा यांत न्यायालये फरक करतात हेही खरे. अमेरिकेच्या फेडरल नियमांत २०१५ पासून दावा फेटाळण्यासारखी कठोर शिक्षा हेतुपुरस्सर नष्ट केलेल्या माहितीपुरती राखून ठेवली आहे. तथापि हेतू नव्हता हे पटवून देतानाही वेळ, पैसा आणि विश्वासार्हता खर्च होतेच.

उघड करणे म्हणजे केवळ छापून देणे नव्हे, हे अशिलांना समजावण्यात आमचा बराच काळ गेला आहे. आदेश ११ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीसोबत जे निवेदन द्यायचे असते, त्यात तो अभिलेख कोणाकोणातला आहे, कोणी व कसा काढला, केव्हा तयार झाला किंवा मिळाला, कधी छापला आणि ईमेल खात्याचा ताबा व वापर कोणाकडे आहे, हे सारे लिहावे लागते. कोणी ईमेल वकिलांना फॉरवर्ड करून देतो, तेव्हा मूळ संदेशाबरोबर असलेली, तो कोणत्या सर्व्हरवरून केव्हा आला याची तांत्रिक नोंद त्यात येत नाही. फाईल एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर साधी उचलून ठेवली तरी तिच्या निर्मितीची तारीख बदललेली दिसू शकते. म्हणून आम्ही आधी प्रत घेतो, तिचे हॅश मूल्य काढतो आणि त्यानंतरच ती उघडून पाहतो. हॅश म्हणजे फाईलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, जो एक अक्षर बदलले तरी पूर्ण बदलतो. पूर्वी ही आमची स्वतःची शिस्त होती. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यातच हॅश मूल्य आले आहे आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने प्रतींसाठी प्रमाणपत्राची आवश्यकता ठामपणे सांगितली होती, तेव्हापासूनच वकील आमच्याकडे लवकर येऊ लागले होते.

लवकर येणे हेच या कामात सर्वांत मोलाचे. वादाची चाहूल लागताच आम्ही अशिलाकडून एक अंतर्गत पत्र काढून घेतो. आपोआप पुसण्याच्या सोयी बंद करणे, जुन्या बॅकअपवर नवा न चढवणे, नोकरी सोडणाऱ्याचे खाते आणि फोन जपणे, संदेश ठरावीक दिवसांनी नाहीसे होण्याची सोय काढून टाकणे, हे त्यात नावानिशी सोपवलेले असते. वकिलांशी झालेला सल्लामसलतीचा पत्रव्यवहार कायद्याने संरक्षित असल्यामुळे तो सुरुवातीलाच वेगळा काढतो. एखादा मालक म्हणतो की आमच्या फायद्याचे तेवढेच शोधून द्या. असे काम आम्ही घेत नाही, कारण त्या शोधातून येणारी यादी शेवटी कोणीतरी शपथेवर खरी म्हणणार असते.

सगळेच ओतून देणे हाही उपाय नव्हे. हजारो असंबद्ध पाने दिली तर कामाचा कागद त्यात बुडतो आणि दडवादडवीचा आरोप उलट आपल्यावरच येतो. शोधशब्द ठरवताना आम्हाला सर्वाधिक डोके लावावे लागते, कारण मराठी माणसे संदेशांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिसळून रोमन लिपीत लिहितात. ‘पेमेंट’ हा एकच शब्द एकाच कार्यालयातील माणसे निरनिराळ्या तऱ्हेने लिहितात, आणि ‘दर कमी करा’ हे वाक्य कोणत्याही इंग्रजी शोधशब्दात सापडत नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणात आम्ही आधी काही संदेश स्वतः वाचून त्या माणसांची लिहिण्याची रीत टिपतो आणि मग शब्दांची यादी वकिलांसमोर ठेवतो. आवाजी संदेशांपुढे तर शोधशब्द चालतच नाहीत. सौद्याचा भाव, मुदतवाढ, मालाची तक्रार हे सर्व आता बोलून पाठवले जाते, आणि उघड करण्याच्या यादीतून तेच बहुधा सुटते. अशा संदेशांचा शब्दशः लेख करून, तो बोलणाऱ्याकडून तपासून घेऊन, मूळ ध्वनिफीत आणि तिचे हॅश मूल्य यांसह यादीत लावण्याची पद्धत आम्ही सध्या बसवत आहोत.