शंभरातली पाच मुलं आणि उपचाराचा हिशेब

लैंगिक गुन्हा केलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पुन्हा तेच करणार, असं बहुतेक जण धरूनच चालतात. आकडे वेगळं सांगतात. मानसशास्त्रज्ञ मायकेल काल्डवेल यांनी २०१६ मध्ये ३३,७८३ मुलांवरच्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. जवळपास पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेली मुलं ४.९२ टक्के होती. कोणताही गुन्हा धरला, तर प्रमाण ३८.५१ टक्के. नोंद न झालेले गुन्हे यात येत नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी अशा मुलांच्या उपचारात चोरी, मारामारी, शाळा अर्ध्यावर सुटणं याकडे दुर्लक्ष झालं, तर मोठा धोका तसाच राहतो.

उपचाराचा गुण सिद्ध करणं अवघड जातं तेही लैंगिक गुन्ह्याच्या या पाच टक्क्यांच्या छोट्या आकड्यामुळे. समजा उपचारानं प्रमाण पाचावरून अडीच टक्क्यांवर आलं. हा फरक योगायोगाचा नाही हे दाखवायला उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा प्रत्येक गटात सुमारे ९०० मुलं लागतात. एवढी मुलं एका उपचारकेंद्राकडे सहसा नसतात. म्हणून "फरक दिसला नाही" याचा अर्थ "उपचार निरुपयोगी" असा लावू नये.

टोरांटोतल्या एका पाहणीत २० वर्षांपर्यंत मागोवा घेतला. उपचार घेतलेल्या ५८ जणांत ९ टक्के, तर न घेतलेल्या ९० जणांत २१ टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडले. पण दुसऱ्या गटात उपचार नाकारलेली आणि अर्ध्यावर सोडलेली मुलंही होती, त्यामुळे तुलना थोडी कच्ची आहे.

जास्त भरवशाचा वाटतो तो चार्ल्स बॉर्डुइन यांचा अमेरिकेतला २००९चा प्रयोग. ४८ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. सुमारे नऊ वर्षांनी बहुआयामी कुटुंबकेंद्री उपचाराच्या गटात ८ टक्के, नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटात ४६ टक्के मुलं पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडली. संख्या लहान, पण फरक मोठा. या उपचारात उपचारक मोजकीच कुटुंबं हाती घेतो, घरी आणि शाळेत जातो, अडीअडचणीला रात्री-अपरात्रीही उपलब्ध असतो. पालकांशी बोलून तपशील ठरतात: मुलगा कुठे झोपेल, धाकट्या भावंडांसोबत एकटा कधीच राहणार नाही, मोबाइल कोण तपासेल, संध्याकाळी आई-वडील कामावर असताना घरात कोण असेल. पीडित मूल त्याच घरातलं असेल तर आधी त्याची सुरक्षितता. माफीसाठी भेट घडवण्याची घाई करायची नाही.

बिघडतं कुठे? प्रौढ गुन्हेगारांचे कार्यक्रम मुलांवर लादले जातात. कमी धोक्याच्या मुलाला सराईत मुलांच्या गटात महिनोन्‌महिने बसवतात, आणि तो त्यांच्याकडूनच शिकतो. कबुलीसाठी दबाव आणला की मूल उपचार सोडतं किंवा ऐकणाऱ्याला हवं ते बोलतं.

आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ खाली बाल न्याय मंडळ समुपदेशनाचा आदेश देऊ शकतं, विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवू शकतं. मूल घरी परतणार असेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्यानं (प्रोबेशन ऑफिसरनं) झोपण्याची जागा, मोबाइल, संध्याकाळची देखरेख हे वरचे प्रश्न पालकांना सुटकेआधीच विचारावेत आणि उत्तरं नावानिशी, वेळेनिशी लिहून घ्यावीत. "पालक लक्ष ठेवतील" एवढ्या एका ओळीवर फाइल बंद करू नये.