क्रॉनच्या मेलमधली शेवटची ओळ

मूडल हे ऑनलाइन शिकवायचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना चौथ्यांदा अर्ध्यात मेलं तेव्हा मी होस्टिंग कंपनीच्या सपोर्टवाल्याला शिव्या घालत होतो. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्यानं. पलीकडच्या टेबलावरच्या माझ्या भागीदारानं हेडफोन काढला आणि म्हणाला, "अरे, त्याला ऐकू जात नाहीये."

याला आता तीन आठवडे झाले. साइट चालू आहे, संस्थेच्या मॅडम खूश आहेत, आमचं बिलही चुकतं झालंय. तरी सपोर्टशी झालेला तो चॅट मी अजून मधूनमधून उघडून वाचतो.

काम सांगायला सोपं होतं. एका प्रशिक्षण संस्थेला अभ्यासक्रम, चाचण्या आणि गुण ठेवायला मूडल हवं होतं. मूडल २००२ पासून आहे आणि फुकट आहे. फुकट म्हणून लोकांना ते हलकंफुलकं वाटतं. ४.१ आवृत्तीत २०,००० हून जास्त फाइली असतात आणि इन्स्टॉल करताना डेटाबेसमध्ये ४०० हून जास्त टेबलं तयार होतात. संस्थेकडे आधीपासून शेअर्ड होस्टिंग होतं, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांची खाती. मॅडम म्हणाल्या, "आपला प्लॅन अनलिमिटेड आहे हो." हा शब्द ऐकला की मी हल्ली वाद घालत नाही. जागा अनलिमिटेड असते. फाइलींची संख्या, मेमरी आणि एका वेळी चालणाऱ्या प्रोसेस यांना मर्यादा असते, पण ती जाहिरातीत नसते.

सुरुवातीची कामं पटापट झाली. झिप चढवून तिथेच उघडली, कारण इतक्या फाइली एफटीपीनं एकेक पाठवल्या तर दिवस जातो आणि शेवटी दोन-तीन अर्धवट पोचतात, त्या कोणत्या हे कळत नाही. मूडलडेटा फोल्डर पब्लिक एचटीएमएल या वेबवर उघड्या फोल्डरच्या बाहेर ठेवला, म्हणजे विद्यार्थ्यांनी चढवलेल्या फाइली ब्राउझरमधून थेट उघडता येणार नाहीत. त्या फोल्डरला ७७७ परवानगी (कुणीही वाचा, कुणीही लिहा) द्या असं सांगणाऱ्या मार्गदर्शिका अजून फिरतायत. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी, म्हणजे मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती, बहुधा तुमच्याच खात्याच्या नावानं चालतं, त्यामुळे ७७७ ची गरजच नसते. उलट कित्येक सर्व्हर कोडच्या फोल्डरला ७७७ दिसलं की सरळ ५०० एरर फेकतात. हा सल्ला कुणी पहिल्यांदा दिला कोण जाणे, पण त्यानं आमच्या धंद्याला बरंच काम पुरवलंय.

मग मॅक्स इनपुट व्हार्स, म्हणजे एका विनंतीत पीएचपी किती रकाने स्वीकारतं ती मर्यादा. पीएचपी ८ वर मूडलला तो आकडा किमान ५,००० लागतो, मूळचा असतो १,०००. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीच्या सेटिंगची मुख्य आयएनआय फाइल आपल्या हातात नसते, म्हणून डॉट-यूजर-आयएनआय फाइलमध्ये ओळ लिहायची. लिहिली, पान ताजं केलं, आकडा १,०००च. इथे नवखा माणूस ती ओळ पाच प्रकारे लिहून बघतो. मीही एके काळी बघितली आहे. खरी गोष्ट अशी की पीएचपी ती फाइल दर विनंतीला वाचत नाही. मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंदांतून एकदा वाचतं. पाच मिनिटं हात बांधून बसणं हाच उपाय. मी बसलो. आकडा बदलला. स्वतःवर खूश झालो. ही खुशी पुढे महागात पडली, कारण इथून पुढे जे काही बिघडेल ते माझ्याकडून बिघडलेलं नसणार असं मी धरून चाललो.

ब्राउझरमधून इन्स्टॉलर सुरू केला. एकेका भागाचं नाव येतं, खाली हिरव्या अक्षरांत सक्सेस. नावं सरकत राहिली आणि एकदम पान पांढरं. डेटाबेस पुसून पुन्हा. या वेळी जरा पुढे जाऊन ५०३ एरर, म्हणजे सर्व्हरनं हात वर केले. तिसऱ्यांदा पहिल्यापेक्षाही आधी. चौथ्यांदा तिसरीकडेच कुठेतरी.

एकाच जागी मरणारं सॉफ्टवेअर प्रामाणिक असतं, तिथे जाऊन बघता येतं. हे दर वेळी वेगळ्या जागी मरत होतं. आणि एरर लॉग कोरा होता. पीएचपी स्वतःच्या मर्यादेनं मेलं तर बोलून मरतं. १२८ एमबीची मर्यादा ओलांडली तर लॉगमध्ये बाइट्समधला १३४२१७७२८ हा आकडा येतो, तो आम्हा लोकांना पाढ्यासारखा पाठ असतो. वेळ संपली तर किती सेकंद झाले ते सांगतं. इथे काहीच नाही. मी मेमरी ५१२ पर्यंत वाढवली, वेळ वाढवली, दोन्ही वेळा पाच मिनिटं थांबलो. फरक शून्य.

तेव्हा सपोर्टच्या चॅटवर गेलो. उत्तर इंग्रजीत आलं, मराठीत सांगायचं तर असं: "सर, तुमच्या खात्यानं रिसोर्सची मर्यादा गाठली आहे. मर्यादा खात्यातल्या सगळ्या साइट्सना मिळून असते. प्लॅन वाढवण्याचा विचार करावा." मी लिहिलं, खात्यात एकच साइट आहे आणि ती अजून इन्स्टॉलसुद्धा झालेली नाही. त्यानं तीच तीन वाक्यं पुन्हा पाठवली. मी स्क्रीनशॉट भागीदाराला दाखवला आणि आम्ही हसलो. पोपट आहे, प्लॅन विकायला बसवलाय, असं मीच म्हणालो.

रात्री उशिरा ठरवलं की ब्राउझर सोडायचा. मूडलचा कमांड लाइनवरून चालणारा इन्स्टॉलर आहे. अडचण एवढीच की या प्लॅनवर एसएसएच नव्हतं, म्हणजे कमांड द्यायला खिडकीच नाही. पण क्रॉन होतं. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय, आणि त्या कमांडनं जे काही छापलं ते क्रॉन मेलनं पाठवतं. तेव्हा हुकूम क्रॉनमध्ये लिहायचा आणि उत्तराची वाट मेलमध्ये बघायची. युक्ती माझी नाही, जुने लोक हे करतच आलेत, पण करताना मजा येते.

नियम दोन. मिनिट, तास, तारीख, महिना चारही भरायचे, नाहीतर इन्स्टॉलर पुन्हा पुन्हा नव्यानं सुटेल आणि दोन इन्स्टॉलर एकाच डेटाबेसमध्ये मारामारी करतील. आणि आधी नुसती तारीख-वेळ छापणारी कमांड चालवून सर्व्हरचं घड्याळ बघायचं. ते माझ्या घड्याळाशी जुळत नव्हतं. हे न बघता मी एकदा एका वेगळ्या कामात साडेपाच तास मेलची वाट बघितली आहे.

पहिला मेल आला: पीएचपीची आवृत्ती जुनी आहे. वेबसाठी मी ८.१ निवडलं होतं, पण क्रॉनमध्ये नुसतं पीएचपी लिहिलं की सर्व्हरचं मूळ ७.२ चालत होतं. ८.१ चा पूर्ण पाथ शोधून घातला. दुसरा मेल: मॅक्स इनपुट व्हार्स ५,००० हवेत. म्हणजे ज्या ओळीवर मी खूश झालो होतो ती इथे कुणी वाचतच नाही, कारण डॉट-यूजर-आयएनआय कमांड लाइनला लागू होत नाही. तो आकडा कमांडमध्येच डी हा पर्याय लावून द्यावा लागला. तिसरा मेल: परवान्याला तुम्ही संमती दिलेली नाही. दिली. दर चुकीला दहा-बारा मिनिटं जात होती. टर्मिनलवर हे सगळं दोन मिनिटांत उरकलं असतं.

चौथा मेल लांबलचक होता. एकेका भागाचं नाव, सक्सेस, लागलेले सेकंद, पुढचं नाव, सक्सेस. आणि अगदी शेवटी, सक्सेसच्या जागी, एक ओळ. तिच्यात एकच महत्त्वाचा शब्द: किल्ड.

रात्रभरात माझ्याशी खरं बोललेलं हे पहिलं वाक्य. पीएचपी बोललं नव्हतं, कारण त्याला बोलायला वेळच मिळाला नव्हता. बाहेरून कुणीतरी एका फटक्यात मारलं होतं. कमांडच्या सुरुवातीला मी फोल्डर बदलायचा हुकूम जोडला होता, म्हणून ती चालवणारं शेल मागे जिवंत होतं, आणि त्यानं साक्ष दिली. नुसतीच कमांड लिहिली असती तर कदाचित ती ओळही मिळाली नसती. योगायोगच.

बाहेरून मारतं ते मेमरी संपली की. पण माझा इन्स्टॉलर २५० एमबीच्या आसपास जात असेल, खात्याला १ जीबी होती. बाकीची कुणी खाल्ली?

सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलमध्ये, रिसोर्स यूसेजचं पान असतं. मी ते त्या रात्रीपर्यंत उघडलं नव्हतं, हे लिहितानाही अवघड वाटतंय. आलेखात मेमरीची रेघ छताला टेकलेली. मी काम करत होतो तेव्हा, मी जेवायला उठलो तेव्हा, आदल्या दिवशी, त्याच्या आदल्या आठवड्यात. मी या खात्यात पाऊल ठेवण्याआधीपासून.

मग पब्लिक एचटीएमएलमध्ये नीट बघितलं. माझ्या मूडलच्या फोल्डरशेजारी आणखी एक फोल्डर होता. मी तो पहिल्या दिवशीच बघितला होता, 'जुनं काहीतरी' म्हणून सोडून दिला होता. त्यात संस्थेची जुनी वर्डप्रेस साइट, दुसऱ्या डोमेनवर, ४.३ आवृत्तीवर थांबलेली. म्हणजे २०१५ मधली, आणि ती मोडू नये म्हणून तिला कुणीतरी जुनंच पीएचपी लावून ठेवलेलं. तिचा ॲक्सेस लॉग (कुणी काय मागितलं याची नोंद) उतरवला तर एकच ओळ हजारो वेळा, बाहेरच्या ॲप्सना साइटशी बोलू देणाऱ्या फाइलबद्दल: एक्सएमएलआरपीसी फाइलला पोस्ट, एक्सएमएलआरपीसी फाइलला पोस्ट.

कुणीतरी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत होतं. कुणी माणूस नाही, यंत्रच. वर्डप्रेसच्या जुन्या आवृत्त्यांत या फाइलला एकाच विनंतीत शेकडो पासवर्ड तपासायला सांगता येत असे, ४.४ मध्ये ते बंद केलं, पहिला चुकला की त्या विनंतीतले बाकीचेही चुकलेच धरतात. ही साइट त्या दुरुस्तीच्या एक पायरी अलीकडे झोपलेली. पासवर्ड पडताळायचं गणित (हॅश) मुद्दाम वेळखाऊ असतं, त्यामुळे अशी एकेक विनंती बराच वेळ रेंगाळते. एका वेळी बारा-पंधरा प्रोसेस, प्रत्येकी ५०-६० एमबी. वर माझा इन्स्टॉलर. मेमरी संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बहुधा सर्वांत मोठी प्रोसेस उचलतो, आणि सगळ्यांत मोठा मीच. म्हणून दर वेळी मी, आणि म्हणून दर वेळी वेगळ्या जागी.

डॉट एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमध्ये ती एक फाइल बंद करायला चार ओळी लागल्या. ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही', हे उत्तर सर्व्हर स्वतःच देतो, पीएचपी सुरूच होत नाही. काही मिनिटांत आलेख खाली आला. डेटाबेस काढून नवा केला, या वेळी युजरला सगळे अधिकार द्यायला विसरलो, तो मेल खाल्ला, पुन्हा लावला. पुढच्या मेलच्या तळाशी इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्याची ओळ होती. पहाटेचे साडेचार.

सकाळी मॅडमना फोन केला. म्हटलं, "ती जुनी साइट काढून टाकूया का?"

"नको हो, तिच्यात पहिल्या तुकडीचे फोटो आहेत."

"फोटो मी काढून देतो, मॅडम."

"राहू दे सध्या. कुणाला काही त्रास तर होत नाहीये ना आता?"

मी साइटवरची वर्डप्रेस नवी केली, पासवर्ड बदलले, फोटोंची प्रत काढून ठेवली. हे आमच्या कामात धरलेलं नव्हतं. भागीदार अजून टोमणे मारतो.

मला टोचतं ते दुसरंच. तो चॅट आता वाचला की दिसतं, त्या सपोर्टवाल्याच्या तीन वाक्यांतली पहिली दोन शब्दशः खरी होती. मर्यादा गाठली आहे. मर्यादा सगळ्या साइट्सना मिळून असते. तिसऱ्या वाक्यात विक्री होती, आणि ती वाचून मी पहिली दोन केरात टाकली. वर त्याला ठणकावून सांगितलं की खात्यात एकच साइट आहे. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण खोटंच. अर्थात त्यालाही आलेख दिसत असणार. दुसऱ्या डोमेनचं नाव लिहायला त्याला एक ओळ पुरली असती. ती त्यानं का लिहिली नाही? त्याच्याकडे तीन वाक्यं छापील आहेत म्हणून, की मी ज्या सुरात लिहिलं होतं त्या सुराला कुणीच चौथं वाक्य लिहीत नाही म्हणून? हे मला ठरवता येत नाही. भागीदार म्हणतो तू जास्त विचार करतोस, तो पोपटच होता. असेलही.

मूडल चालू आहे. त्याचं रोजचं क्रॉन दर मिनिटाला चालवायला सांगतात, या प्लॅनवर दर पंधरा मिनिटांनीच चालवू देतात. सूचनांचे मेल उशिरा जातात, चालतं. पण एका वेळी २० विनंत्यांची मर्यादा आहे, आणि पुढच्या महिन्यात ६० जणांची चाचणी एकाच मिनिटाला सुरू होणार आहे. मी मॅडमना लेखी कळवलंय. प्लॅन वाढवायचा विचार करावा, असं. पाठवल्यावर लक्षात आलं, वाक्य अगदी त्याचंच होतं. मॅडमचं उत्तर अजून आलेलं नाही.