मालवणला डाइव्हिंगला जाताय? पोहता येतं या भरवशावर जाऊ नका

सोलापुरातून मालवणला स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली उतरण्यासाठी, फोन लावला की पलीकडून हमखास एक वाक्य येतं : "पोहता येतं ना? मग काही टेन्शन नाही." हे वाक्य दिशाभूल करणारं आहे आणि मला त्याचा अजूनही राग आहे. ज्याला पोहता येत नाही तो घाबरून का होईना, पाण्याखाली हात छातीशी धरून गप राहतो. ज्याला पोहता येतं त्याचे हात थांबतच नाहीत, आणि पाण्याखाली हात चालू राहिले की हवा, तोल आणि दिशा तिन्ही हातची जातात.

हे लिहिते आहे ते ओपन वॉटर कोर्स (स्कूबा शिकायचा सुरुवातीचा कोर्स) केलेल्या किंवा करायला निघालेल्या लोकांसाठी. गाइडने सिलिंडरला धरून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ फिरवून आणायचं टुरिस्ट डाइव्ह असेल तर हातापायांचं काहीही करा, फरक पडत नाही.

रस्ता मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट, कणकवली आणि मालवण. मिरजेपर्यंत गाडी सुसाट जाते. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात उजळणी झाली, संध्याकाळी तारकर्लीचा किनारा, रात्री सुरमई. सगळं छान होतं, पुढे जाऊ.

घोळ झाला तो दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या डाइव्हला. खोली जेमतेम 12 मीटर. खाली खडक, खडकांवर धारदार शिंपल्यांची कालवं, दिसत होतं फार तर चार-पाच मीटर, आणि लाटेचा हेलकावा असा की दोन मीटर पुढे ढकलायचा आणि तेवढंच मागे खेचायचा. आमच्या पोहण्याच्या तलावावरच्या सकाळच्या बॅचमधले अण्णा सोबत होते. मोहोळकडच्या विहिरींमध्ये पोहायला शिकलेला माणूस, दम आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. बोटीवर आम्हा सगळ्यांच्या पट्ट्यात सरसकट दोन-दोन शिशाची वजनं जास्त अडकवली होती. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "ताई, पटकन खाली जाता येतं."

पटकन खाली जाता येतं हे खरं. पण खाली गेल्यावर जास्तीचं शिसं सावरायला अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते. कमरेला वजन, खांद्याशी हवा, म्हणजे माणूस आडवा न राहता उभा होतो. उभ्या माणसाच्या पायातल्या फिन्सचा (रुंद पात्यांचा) मारा सरळ तळावर बसतो आणि गाळ उठतो. आधीच कमी दिसत होतं, ते आणखी कमी झालं. दोन्ही हातांनी पाणी खाली दाबत अण्णा स्वतःला वर धरून होते. हेलकावा आला की हातांनी त्याला अडवत होते, आणि हातांनी तो अडत नाही. एका खेपेला तो त्यांना सरळ खडकावर घेऊन गेला, त्यांनी तळवा टेकला आणि कालवांनी तो चिरला. 12 मीटरवर लाल रंग जवळजवळ उरत नाही, त्यामुळे रक्त हिरवट काळं दिसतं. ती हिरवट रेघ त्यांच्या बोटांमधून वर जाताना मी पाहिली. सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारा गेज पाहिला तर आमचा काटा 120 बारवर आणि त्यांचा 70 वर. डाइव्ह तिथेच संपवला. वर आल्यावर बोटीवरचा मालवणी पोरगा कळकळीने म्हणाला, "काका, हात कित्याक हलवतास? पाय कित्याक दिल्यानी देवान?" हे वाक्य पाण्यात उतरायच्या आधी कुणीतरी म्हणायला हवं होतं.

आता कारण. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन आहे, त्यामुळे विनाकारण केलेल्या प्रत्येक हालचालीची किंमत मोजावी लागते. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, म्हणजे तेवढ्याच श्वासाला सिलिंडरमधली दुप्पट हवा लागते. हात चालवले की धाप लागते, धापेने हवा जाते. बरं, हाताच्या पंजाने असं कितीसं पाणी लोटलं जाणार? मांडीचे स्नायू शरीरातल्या सगळ्यात ताकदवान स्नायूंपैकी आणि त्यांच्या टोकाला फिनचं रुंद पातं. काम त्यांना द्या.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा वेगळाच आहे. हात चूक झाकतात. वजन जास्त झालंय, जॅकेटमध्ये हवा कमी आहे, श्वास वरवरचा चाललाय, यातलं काहीही बिघडलं तरी हात ते तात्पुरतं सावरून घेतात आणि बिघाड कळतच नाही. म्हणून खाली पोचल्यावर दोन्ही हात एकमेकांत गुंफा, पाय थांबवा आणि शांतपणे दोन-तीन श्वास घ्या. बुडत असाल तर जॅकेटमध्ये थोडी हवा घाला, वर जात असाल तर थोडी सोडा. त्यापुढचं बारीक काम फुप्फुसं करतात : सावकाश श्वास घेतला की थोडं वर, सोडला की थोडं खाली. श्वास मात्र कधीही रोखून धरायचा नाही.

वजन ठरवून घेतल्याशिवाय खाली जाऊ नका, बोटीवर कितीही घाई चालली असली तरी. पृष्ठभागावर जॅकेट पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं, आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला व्हावं. हे भरलेल्या सिलिंडरवर केलं असेल तर वर सुमारे दोन किलो धरा, कारण 12 लिटरच्या, 200 बारच्या सिलिंडरमधली हवा स्वतःच जवळजवळ तीन किलोची असते आणि शेवटी ती संपलेली असते. सोलापूरच्या तलावात जमलेलं वजन समुद्रात पुरत नाही. खारं पाणी अडीच-तीन टक्के जड, त्यामुळे सामानासकट माणसाला दोन-अडीच किलो जास्त लागतात. पण हे मोजून घ्यायचं असतं, सरसकट कुणीतरी अडकवायचं नसतं.

पायांचं म्हणाल तर बेडकासारखी लाथ शिका. गुडघे वाकवून फिन्स बाहेर फिरवायच्या आणि मागे जुळवायच्या. पाणी मागे जातं, खाली जात नाही, म्हणून गाळ उठत नाही. ब्रेस्टस्ट्रोक येणाऱ्याला ती लवकर जमते. जागेवर वळायला एकच फिन घोट्यातून फिरवायची. मागे जायची लाथ अवघड आहे, वेळ लागतो, पण कॅमेरा घेऊन खडकाजवळ जाणार असाल तर तिच्याशिवाय जाऊ नका. मधून चिरलेल्या फिन्स मागे जायला कुचकामी. भाड्याच्या फिन्स बहुतेक सैल असतात, आपल्या मापाच्या न्या. हेलकाव्यात त्याच्याशी भांडू नका : तो उलटा खेचतोय तेव्हा थांबा, तुमच्या दिशेने येईल तेव्हा लाथ मारा.

हात अजिबात वापरायचे नाहीत असं सांगणारेही मला पटत नाहीत. कान मोकळे करायला नाक चिमटायला, जॅकेटचं बटण दाबायला, खुणा करायला आणि प्रवाहात अँकरची दोरी धरायला हातच लागतात. हेलकाव्यात अगदीच गरज पडली तर उघड्या, काहीही जिवंत नसलेल्या खडकावर एक बोट टेकवा, तेही नीट बघून. त्या खडकांत काळे काटेरी समुद्री साळू (सी-अर्चिन) असतात, दगडासारखे दिसणारे विषारी मासेही असतात, आणि जिवंत प्रवाळाला तर बोटही लावायचं नाही.

निघण्यापूर्वी इथेच तलावावर सराव करा. सिलिंडर नको, फक्त फिन्स, मास्क आणि स्नॉर्केल. दोन्ही हात छातीशी गुंफून ठेवायचे आणि नुसत्या पायांनी तलावाची लांबी पार करायची, वळायचंसुद्धा पायांनीच. अण्णा आता रोज पहाटे हेच करतात आणि त्यांचे हात खरोखर थांबलेत. हिप्परगा तलावात किंवा उजनीत जाऊन बघू, असले बेत करू नका. गढूळ पाणी, खाली झाडोरा आणि जाळी, जवळ मदत नाही.

पैशांचं स्पष्ट बोला. आम्हाला फोनवर सांगितलेल्या भावात व्हिडिओ धरलेला होता. बोट धक्क्याला लागल्यावर मेमरी कार्डाचे वेगळे आणि बोटीचे वेगळे असे माणशी पाचशे जास्त घेतले. आणि व्हिडिओत काय, तर गाळ. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं लिहून घ्या. वजनं मोजायला वेळ देणार का, हाही प्रश्न त्यातच विचारा. "गरज नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.

बोटीवर चढायच्या आधी शेंगाचटणी खाऊ नका, तेल आणि तिखट दोन्ही नडतात. कोरडी कडक भाकरी आणि केळं पुरे. आपल्याकडचा जाड टर्किश टॉवेल घ्या, बोटीवरचा वारा डिसेंबर-जानेवारीत चांगलाच बोचतो.

शेवटचं, आणि हे मालवणात कुणी सांगितलं नाही. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं : एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्ह झाले असतील तर किमान 18. पण आपल्याला विमान नसलं तरी घाट आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, मग तुम्ही विमानात असा नाहीतर एसटीत. सोलापूर स्वतःच साडेचारशे मीटरच्या आसपास, घाटमाथा त्याहून उंच. मी घाटालाही विमानाचाच नियम लावते. म्हणून सोमवारी कामावर हजर व्हायचं असेल तर रविवारी डाइव्ह ठेवूच नका. शुक्रवार आणि शनिवार सकाळ पाण्यात घालवा, रविवारी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला बघा, जेवून दुपारी घाट चढा. मिरजेत चहा घेतला तरी रात्री उशिरापर्यंत घरी पोचता.